स्लावाला बोलवत नाहीत

स्लावा, म्हणजे घरच्या संताचा दिवस,

आणि त्या दिवसाचं बोलावणं द्यायचं नसतं. ज्यांना ठाऊक आहे ते आपसूक येतात. बोलावणं धाडणं म्हणजे घरची अब्रू घालवणं. फार तर 'यंदा येऊ नका' एवढं कळवता येतं. दुपार कलली तरी झागोर्काच्या दाराची बेल वाजली नव्हती. मेणबत्ती निम्मी जळली होती.

लोक कॅन्सरला घाबरले, की तिला?

दाराला कान लावून ती ऐकत होती. उन्हाळ्यात डावा स्तन काढला, मग केमो, मग केस गेले. आपली म्हणावी अशी माणसं किती उरली, हे आज कळणार म्हणून ती सकाळपासून उत्सुक होती. पण एकही नाही? जिन्यात पावलं वाजली आणि खालच्याच मजल्यावर थांबली.

"तिहोमिर, हे काय गौडबंगाल आहे?"

नवरा मेणबत्तीकडे बघत राहिला. "मीच सांगितलं सगळ्यांना, यंदा नको म्हणून. डॉक्टर म्हणाले, गर्दी टाळा."

"सर्दीवाले टाळा म्हणाले. धडधाकट लोकांनी तुझं काय घोडं मारलं?"

"मग कर फोन. बोलव."

"स्लावाला? हळू बोल, तुझी आई स्वर्गातून ऐकत असेल."

बोलवता येत नाही, पण

प्रसाद तर पोचवता येतो. तिने अक्रोड घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा वाडगा उचलला, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि खाली जाऊन विदोसावाचं दार वाजवलं. शेजारीण ठेवणीतला झगा घालून उभी.

"नटून कुठे निघालीस?"

"कुठे नाही. सवयीने घातला. तुला अन्नाचा वास सोसत नाही म्हणाला तुझा नवरा."

"मी बोलवायला आलेली नाही हं."

"मग मी तरी कुठे बोलावल्यावर येणार होते?" विदोसावाने छातीवर क्रूस काढला, चमचाभर गहू तोंडात टाकला आणि ती बूट घालू लागली.

जिना चढताना

विदोसावाने विचारलं, "दुखतं का गं?"

हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. सगळे 'छान दिसतेस' म्हणून मोकळे व्हायचे. झागोर्का खरं उत्तर शोधू लागली.

"दुखत नाही. खाजतं. आता जिथे काहीच नाही, तिथे."

विदोसावा पायरीवरच थांबली. "अगं, मग खाजवतेस कुठे?"

"तेच तर अजून सापडत नाहीये."