निळी बॅग

खोलीत शिरल्यावर मावशीला पहिला प्रश्न पडला, बसायचं कुठे? टेबल गोल होतं, म्हणजे इथे सगळे सारखे, असं दाखवायचं असणार. पण फायलींच्या ढिगासमोरची खुर्ची अध्यक्षबाईंची, हे कुणालाही कळलं असतं. शेजारी समाजसेवक. उरल्या दोन. त्यांतल्या एकीवर दर वेळी आई बसत असणार. कोणत्या खुर्चीवर, हे विचारायचा धीर होईना, म्हणून ती उभीच राहिली.

तशी ती कुणाची सख्खी मावशी नव्हती. तिची आई दुसऱ्यांची मुलं सांभाळायला घ्यायची, सरकारने सोपवलेली. त्यांतली शेवटची ही सात वर्षांची पोर. आईला ती आजी म्हणे, म्हणून आजीची लेक झाली मावशी. पोर उशीच्या अभ्र्यात बिस्किटं लपवायची, तेव्हा आईने तिचं नाव ठेवलं खारूताई.

गेल्या महिन्यात आई गेली. खारूताईला तात्पुरतं दुसऱ्या घरी हलवलं. पुढे ती कुठे राहणार, ते आजच्या आढावा बैठकीत ठरायचं होतं. बोलावणं आलं तेव्हा मावशीला वाटलं, पोरीचं सामान हवं असेल. तिने कपडे, चित्रांची वही, एक कान तुटलेला ससा, सगळं निळ्या बॅगेत भरून आणलं.

"कोणत्या नात्याने आलात म्हणून नोंदवू?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"सामान घेऊन आलेय."

"हे नातं आमच्या यादीत नाही हो," समाजसेवक म्हणाला आणि लगेच ओशाळला. "बसा ना."

"पण मला बोलावलंत कशाला?"

"आम्ही नाही. बैठकीला कोण हवं, हे मुलांना विचारायची पद्धत आहे. तिने तुमचं नाव सांगितलं."

"का?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

मावशी बसली. समाजसेवक वाचू लागला. शाळा ठीक. झोप कमी. खाणं लपवणं पुन्हा सुरू. नव्या घरची मंडळी रोज उशी तपासतात.

"उशी नका तपासू," मावशी म्हणाली. "उशाशी एक भरलेला डबा ठेवायचा. रात्री ती झाकण उघडून बघते आणि झोपते. खात नाही काही."

दोघंही तिच्याकडे बघत राहिले. तिलाही कळेना, हे आपल्याला कुठून माहीत. आईनेच कधीतरी फोनवर सांगितलं असणार.

मग खारूताईला आत आणलं. तिने कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. सरळ बॅगेकडे धावली.

"निळी आणलीस! आजी सांगायची, मावशीची निळी बॅग आली की मावशी राहते."

खरंच होतं ते. सुट्टीत मावशी हीच बॅग घेऊन यायची. मागच्या खेपेला घाईत विसरून गेली होती. काल हाताला लागली, म्हणून घेतली, एवढंच.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मावशी, तुमचं काय म्हणणं?"

काय म्हणणं होतं? नोकरी दुसऱ्या गावी, खोली एक. पोरं कशी वाढवतात, हे तिला पुस्तकात वाचलं तेवढंच माहीत. हे सगळं सांगायला तिने तोंड उघडलं.

"आईचं घर अजून तसंच आहे," ती म्हणाली. "मी तिथे राहायला आले, तर?"

"घर बघावं लागेल. तुमची चौकशी होईल. तोवर ती आता आहे तिथेच, आणि तरीही पक्कं काहीच सांगता येणार नाही."

"मलाही नाही सांगता येत."

"तिकडे डबा ठेवायला सांगतो मी," समाजसेवक पुटपुटला.

एव्हाना खारूताईने बॅगेची चेन ओढली होती. वरच तिचा पिवळा फ्रॉक. तिने तो बाहेर काढला, खाली हात घालून चाचपलं, आणि गोंधळून वर पाहिलं.

"हे तर माझे कपडे. तुझे कुठेत?"

"ते आणायचेत अजून," मावशी म्हणाली.