शेवंताबाईंनी धनुष्य बोलतं केलं

शेवंताबाईंना कुठलीच गोष्ट हळू करता यायची नाही. त्या हसल्या की अंगणातलं कुत्रं दचकून उठायचं आणि त्यांनी दार लावलं की भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. अशी बाई खांडेनवमीला तिरोडीहून बालाघाटजवळच्या भरवेलीला भावाकडे आली, म्हणजे सण दुप्पट झालाच म्हणून समजा.

भाऊ फकिरा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता. त्यांच्या घराण्यात नवमीची एक रीत होती. अवजारांना हळदकुंकू वाहून झालं की प्रत्येकाला एकदा बोलतं करायचं. नाहीतर ते वर्षभर रुसून बसतं, असं त्यांचे वडील सांगायचे. म्हणून त्या सकाळी फकिराने हातोडा ऐरणीवर आपटला, त्याच्या बायकोने, कमलाने, शिलाई मशीनवर एक टाका घातला आणि शेवंताबाईंनी भावाच्या लुनाचा हॉर्न इतका वेळ दाबून धरला की काय झालं ते बघायला शेजारी बाहेर आले.

पाटावर उरलं फक्त समीक्षाचं धनुष्य. फकिराची ही मुलगी बांबूचं नव्हे, कंपाउंड धनुष्य चालवायची. दोन टोकांना दोन चाकं, मधे तारांचं जाळं, वर आणि खाली एकेक जाड, वाकणारा पाटा. पाटा हा शब्द फकिराचा. ट्रकच्या कमानीला असतो तसाच हा, असं तो म्हणायचा. धनुष्य जुनं होतं. नागपूरच्या कुणा खेळाडूने वापरून सोडलेलं, रंग उडालेलं. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जबलपूरला राज्याच्या संघाची निवड होती आणि समीक्षाला हेच धनुष्य घेऊन तिथं उभं राहायचं होतं. तिच्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. आता नाही तर मग नाहीच.

"अन् याले कोन बोलतं करन?" शेवंताबाईंनी विचारलं. समीक्षा आतल्या खोलीत बाण पुसत बसली होती. ती बाहेर येईपर्यंत थांबणं शेवंताबाईंच्या स्वभावात नव्हतं. लहानपणी गावात त्यांनी बांबूच्या धनुष्याची रिकामी दोरी किती वेळा टणकावली होती! त्यांनी पदर खोचला, पाय रोवले, दोरी छातीपर्यंत खेचली आणि दिली सोडून.

टणत्कार कसला, बारच उडाला. हाताला असा झणका बसला की धनुष्य पाटावरच्या तांदळात जाऊन पडलं. एक तार चाकावरून उतरून लोंबायला लागली. समीक्षा धावत बाहेर आली, तिने आधी आत्याचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, बोटं मोजल्यासारखी चाचपली आणि मग धनुष्याकडे वळली.

"रिकामं सोडलं काय, आत्या?"

"हौ. बोलतं केलं फक्त."

"अवं, बाण नसला का सारा जोर याच्याच अंगात जाते!"

"कायले घाबरतं?" फकिरा मधे पडला. "तारच उतरली. आत्ता चढवून देतो."

वातींसाठी ठेवलेल्या कापसातला एक पुंजका समीक्षाने घेतला आणि वरच्या पाट्यावरून हलकेच फिरवत नेला. मधोमध कापूस अडकला. तिथं केसासारखी बारीक चीर होती आणि तिच्यातून वर आलेल्या फायबरच्या कुसळांनी कापूस धरून ठेवला होता. एवढ्याशा पांढऱ्या कापसाने शेवंताबाईंचा सगळा आवाज काढून घेतला.

फकिराला मात्र चेव चढला. खाणीतल्या मोठमोठ्या यंत्रांना ताळ्यावर आणणारा माणूस, एका पाट्याला काय हार जाणार! त्याने दोन ट्यूबांचा गोंद कालवून चिरेत भरला, वरून नायलॉनचा दोरा गच्च गुंडाळला आणि पाटा उन्हात ठेवला. दुपारी त्यावर नख वाजवून म्हणाला, "पाह्य, नव्यापेक्षा पक्का झाला."

"बाबा, मी हे तोंडाजवळ ओढत असतो," समीक्षा म्हणाली. "आधी दोरानं ओढून पाहा. दुरून."

तार चढवून धनुष्य अंगणातल्या कडुनिंबाला करकचून बांधलं. दोरीला लांब दोर अडकवला आणि सगळे न्हाणीच्या भिंतीआड गेले. फकिराने दोर ओढायला सुरुवात केली. पाटे वाकले. चाकं फिरली. शेवंताबाईंनी डोळे मिटून महामायेला नारळ कबूल केला.

"धरलं, धरलं!" फकिरा ओरडला.

आणि फाट् करून पाटा उडाला. एक तुकडा पत्र्यावर आदळला, एक थेट भिंतीला लागून चुन्याचा टवका काढून गेला. बाहेर येऊन पाहिलं तर झाडाच्या सालीत, ओढणाऱ्याचा गाल जिथं आला असता त्या बाजूला, पाट्याची बोटाएवढी काडी रुतली होती. फकिराने ती उपटली. मुलीकडे पाहिलं. मग तो तिथंच मातीत खाली बसला. शेवंताबाई तर ढसाढसा रडायला लागल्या. पोरीचं वर्षच नव्हे, तोंडही आपण घालवलं असतं, हे त्यांच्या मनातून हलेना.

"आत्या, रडू नको. चाकं वाचली, मधला दांडा वाचला," समीक्षा म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "पण पाटे जोडीनंच बदलावे लागतात. अन् हे मॉडेल आता बंद झालं."

"साऱ्या जिल्ह्यात कोनापाशीच नाई?"

समीक्षा खाली वाकून तुकडे गोळा करायला लागली. शेवंताबाईंनी ते वाकणं बरोबर ओळखलं.

"कोनापाशी हाये?"

"श्रियाजवळ. बालाघाटले. तिनं नवं घेतलं, जुनं घरीच हाये. ती डावरी हाये म्हणून अख्खं धनुष्य मले चालत नाई, पण पाटे सेम आहेत. मी नाई जात तिच्याकडे. मागच्या स्पर्धेत बाण रेषेच्या आत का बाहेर, यावरून आमचं असं वाजलं का तेव्हापासून बोलणं बंद हाये. अन् तिले तर बरंच होईल ना, एक कमी झाली तर."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाहेर लुना सुरू झाली होती.

भरवेलीहून बालाघाटपर्यंत शेवंताबाई सारख्या स्वतःशी बोलत होत्या. आयुष्यात त्यांनी कुणापुढे पदर पसरला नव्हता. नवरा गेला तेव्हाही नाही. आज पसरायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं. काय म्हणायचं तेही पाठ केलं. बाई, चूक माझी हाये, शिक्षा पोरीले नको. समोरून मॅंगनीजचा ट्रक आला तरी त्यांनी वेग कमी केला नाही. उलट ट्रकवाल्यालाच बाजू द्यावी लागली.

दार श्रियानेच उघडलं. शेवंताबाईंनी हात जोडले. "बाई, मी समीक्षाची आत्या. तिचं धनुष्य माझ्या हातानं तुटलं. चूक माझी..."

"तुटलं?" श्रिया किंचाळली. "म्हणजे ती येणार नाही?"

"पाटा गेला न, बाई. तुझ्या जुन्याचे पाटे जर..."

"अरे यार, काकू! ती आलीच पाहिजे!" श्रियाने त्यांचे जोडलेले हात दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवले. "सिवनीवाली मुलगी आज सकाळीच नाही म्हणाली. आता आम्ही चारच उरलो. चारपेक्षा कमी झाल्या तर मुलींची कंपाउंडची निवड रद्द, असं या वेळी ठरवलंय त्यांनी. ती नाही तर मी पण नाही! चला, जल्दी!"

मागायला आलेल्या शेवंताबाईंनाच आता कुणीतरी विनवत होतं. त्या क्षणभर बावचळल्या आणि मग एवढ्या मोठ्याने हसल्या की आतून श्रियाचे वडील नंदकिशोर बाहेर आले. कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले, सोवळ्यातले गृहस्थ. जुनं धनुष्य त्यांच्या देवघरासमोर चौरंगावर, शेवंतीच्या फुलांखाली होतं.

"नवमीला पूजेत ठेवलेलं उद्या उत्तरपूजेनंतरच हलेल," ते म्हणाले. "तोवर हात लावायचा नाही."

"बाबा, उद्या दुपारी बस आहे! बसवायला, जुळवायला वेळ लागतो!"

शेवंताबाई पुढे झाल्या. "साहेब, तुमच्या घरी नवमीले अवजार झोपते, आमच्या घरी बोलते. दोन्ही देवाचंच न? मी आमची रीत घाईत केली, त्याचं फळ भोगून राह्यली. तुम्ही तुमची थोडी घाईत करा, पोरींचं भलं होते."

नंदकिशोरांनी मुलीकडे पाहिलं. ती दाराशी उभ्या उभ्या नाचत होती. त्यांनी चिमूटभर अक्षता धनुष्यावर टाकल्या, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि बाजूला झाले. "न्या. पण मोडू नका."

"आता कायले मोडतो? मोडायचं ते मोडून झालं."

लुनावर मागे श्रिया, तिच्या कवेत फुलांसकट धनुष्य. रस्त्यावरच्या दोन माणसांनी त्याला नमस्कारही केला. चढाला लुना कुरकुरायला लागली तेव्हा शेवंताबाईंनी पायडल मारले आणि श्रियाने एका पायाने जमीन ढकलली. अशी वरात अंगणात शिरली.

समीक्षा पाहतच राहिली. दोघी मुली समोरासमोर उभ्या. शेवंताबाईंना वाटलं, आता पुन्हा वाजतं की काय.

"बाण आतच होता," श्रिया म्हणाली.

"बाहेर होता," समीक्षा म्हणाली. "धनुष्य दाबून धरायचा प्रेस कुठाय तुझा?"

"घाईत घरीच राहिला."

बस, एवढंच. दोघी धनुष्यावर वाकल्या. फकिराने वर्कशॉपमधला जॅक एका फळीवर बसवला, दोन्ही टोकांना आकडे लावले, त्यांना जुन्या टायरची ट्यूब गुंडाळली आणि आधी श्रियाचं, मग समीक्षाचं धनुष्य त्यात दाबून धरलं. समीक्षा एका बाजूचा बोल्ट पिळायची, श्रिया दुसऱ्या बाजूचा. "अर्धा फेर. थांब. तुझा जास्त झाला." "नाही झाला." "झाला, मोज." फकिरा मान खाली घालून मुली सांगतील तसा जॅक वरखाली करत होता. कमलाने चहा आणला आणि तो तसाच गार झाला. श्रियाचे पाटे बसले, तारा चढल्या, चाकं एकाच वेळी फिरायला लागली. पुन्हा कडुनिंब, पुन्हा दोर, पुन्हा सगळे भिंतीआड. या वेळी फकिराने दोर पार शेवटपर्यंत ओढला, हळूच सैल सोडला, परत ओढला. काहीच वाजलं नाही. समीक्षाने कापूस फिरवला. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद गेला.

"झालं!" श्रिया ओरडली. "चार झालो!"

ऊन उतरलं होतं, पण नवमी अजून संपली नव्हती. अंगणाच्या टोकाला तणसाने भरलेलं पोतं निशाणासाठी उभं होतं. समीक्षाने धनुष्य उचललं, दोरीत बाण अडकवला आणि वळली.

"आत्या, ये. बोलतं कर."

"मी नाई!" शेवंताबाईंनी दोन्ही हात पाठीमागे लपवले. "मी आता याले शिवत नाई. तूच कर, बाई."

"सकाळचं राह्यलं न तुझं. ते तर ओरडलं होतं. बोललं नाई." समीक्षा त्यांच्यामागे उभी राहिली. त्यांचे हात पाठीमागून पुढे आणून तिने धनुष्यावर ठेवले आणि वरून आपले धरले. "आता त्याच्याजवळ बाण हाये. ओढ. काही होत नाई."

पोरीचा गाल आपल्या गालाला लागलाय, हे शेवंताबाईंना जाणवलं. याच गालाजवळ ती काडी आली असती. त्यांनी ओढलं. चाकं फिरली, जोर हलका झाला.

"सोड," समीक्षा कानाशी म्हणाली.

बाण पोत्यात शिरला. धनुष्य हळूच, गोड असं गुणगुणलं आणि थांबलं. शेवंताबाई रडत होत्या, हसत होत्या, आणि साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होत्या, "बोललं व माय, बोललं!"