मिठीत न सापडणारे होल्स्टर

परमेश्वराने मनुष्यदेह घडवताना पुष्कळ गोष्टींचा विचार केला असेल. पण लांब नळीचे, वजनदार रिव्हॉल्व्हर कोटाखाली लपवून बाळगणाऱ्या माणसाचा विचार त्याने मुळीच केलेला नाही, हा निष्कर्ष थर्मन लेडबेटरने काढला तेव्हा तो आरशासमोर, घरच्या पायजम्यावर रविवारचा कोट चढवून उभा होता.

"कसं दिसतंय?" त्याने विचारले.

पलंगावर बसून मोज्यांच्या जोड्या लावणाऱ्या बायकोने, व्हर्नाने, मान वर केली. "कोटात बदक घालून निघाल्यासारखं."

"कुठल्या बाजूनं?"

"बदकाच्या."

थर्मनने एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि कमरेचे होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हर ठेवायचे म्यान, काढून कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या खोक्यात फेकले. अशा खोक्याची अमेरिकेतल्या पूर्व टेनेसीच्या त्या डोंगरी मुलखात कोणालाच लाज वाटत नसे. शस्त्र बाळगणाऱ्या प्रत्येक घरात ते असतेच. आणि लग्नात आलेल्या नकोशा भांड्यांप्रमाणे त्यातली वस्तू वापरलीही जात नाही, टाकूनही देववत नाही. थर्मनच्या खोक्यात विजारीच्या आत खोचायचे कातडी होल्स्टर होते, जे उभ्याने निमूट राही आणि बसताच रिव्हॉल्व्हरची मूठ बरगडीत घुसवी. पोटाला गुंडाळायचा लवचीक पट्टा होता. तो घामाने भिजे आणि हसताना हळूहळू खाली सरके. घोट्याला बांधायचेही एक होते. ते बांधून थर्मन अंगणात एकदाच चालला होता, आणि त्यावर व्हर्नाने शेजारणीला फोन करून सांगितले होते की लोढणे बांधलेला खोंड पाहायचा असेल तर कुंपणाशी ये.

हा सारा उपद्व्याप दारासाठी होता. लाकडाच्या वखारीत फळ्यांची प्रत ठरवण्याच्या कामात थर्मनचे आयुष्य गेले, आणि त्या कामात त्याला समोर पाहून कोणाचा चेहरा कधी खुलला नव्हता. तो आला म्हणजे कोणाचा तरी माल नापास होणार, एवढेच लोकांना ठाऊक. निवृत्त झाल्यावर बाप्टिस्ट चर्चने त्याला रविवारी दारात उभे राहून येणाऱ्यांचे स्वागत करण्याचे काम दिले, आणि उतारवयात त्याला प्रथमच असा अनुभव आला की माणसे आपल्याला पाहून हसतात. ती नुसती हसत नसत, मिठी मारीत. त्या चर्चमध्ये हस्तांदोलन हे विमा विकणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले होते.

गेल्या हिवाळ्यात कुठल्याशा दूरच्या गावी चर्चमध्ये गोळीबार झाल्याची बातमी आली आणि इथल्या मंडळींनीही प्रार्थनेच्या वेळी पहारा ठेवायचे ठरवले. परवाना असलेल्यांनी शस्त्र बाळगावे. मात्र ते कोणाला दिसू नये आणि जाणवू नये, ही पाद्रीबुवांची अट होती. पहाऱ्याचा प्रमुख झाला व्हर्नाचा धाकटा भाऊ डॉइल हॅचर, टायरच्या दुकानाचा मालक. दाराशी उभा राहणारा माणूस सशस्त्रच हवा, असा नियम त्याने पहिल्याच बैठकीत केला. आणि गेल्या रविवारी मिस ओडेसा क्रॅबट्री या वृद्ध बाईंनी थर्मनला मिठी मारली असता त्यांचा हात त्याच्या कमरेवरच्या टणक उंचवट्यावर थबकला, हे नेमके डॉइलने पाहिले. बाईंनी डोळ्यांत पाणी आणून थर्मनच्या गालावर थोपटले. डॉइलने मात्र थोपटले नाही.

"येत्या रविवारी शेवटची संधी," त्याने बजावले होते. "एकाच्याही हाताला लागलं, तर माझ्यासारखं छोटं पिस्तूल घे. नाहीतर दार सोड आणि मोटारींच्या तळावर जाऊन उभा राहा."

मोटारींच्या तळावर कोणी कोणाला मिठी मारीत नाही. आणि छोटे पिस्तूल घेणे थर्मनला शक्य नव्हते. ते भरायचे तर त्याचा वरचा भाग चिमटीत धरून जोराने मागे खेचावा लागतो. थर्मनच्या बोटांच्या सांध्यांनी तसल्या कामातून केव्हाच अंग काढून घेतले होते. छोटे रिव्हॉल्व्हर घ्यावे, तर उडवताना ते मनगटाला असा हिसका देई की पुढे तासभर कप धरवत नसे. मोठे रिव्हॉल्व्हर तेवढे स्वतःचा हिसका स्वतःच्या वजनाने गिळी. ही गोष्ट फक्त व्हर्नाला ठाऊक होती, कारण घरातल्या लोणच्याच्या बरण्या ती उघडी. डॉइलला सांगण्यापेक्षा थर्मनने आणखी एक होल्स्टर घेणे पसंत केले.

शनिवारच्या गर्दीत बंदुकीच्या दुकानात जाणे म्हणजे न मागितलेल्या सल्ल्यांच्या ओढ्यात उतरणे होय. दाढीवाल्या विक्रेत्याने विचारले, "उभ्यानं आरामशीर पाहिजे, का बसून?"

"दोन्ही."

"मग दोन घ्या."

"आणि लपणारं पाहिजे."

"मग आराम विसरा."

कॉफीचा पेला घेऊन रेंगाळणारा एक अनोळखी गृहस्थ सरसावला. "काखेतलं घ्या हो. आमच्या सासऱ्यांनी जन्मभर काखेतलंच वापरलं. पुरलं तेव्हासुद्धा अंगावर होतं, कोणाला पत्ता लागला नाही."

"मेलेल्या माणसाला मिठी कोण मारतंय?" थर्मन म्हणाला.

"आमची सासू मारत होती की! तिलाही कळलं नाही."

या पुराव्यात तर्काची किती छिद्रे आहेत हे थर्मन मोजून दाखवणार, एवढ्यात मागून डॉइलचा आवाज आला. त्याने काउंटरवरचे एक छोटे, रिकामे पिस्तूल उचलून थर्मनपुढे सरकवले. "एकदा ओढून तर बघ. लोण्यासारखं चालतं."

दुकानातले सगळे पाहू लागले. थर्मनने दोन्ही हात खिशात घातले. "खेळणी मी नातवंडांना घेतो."

"हट्टी आहेस."

"तुझ्या बहिणीनं तुला हे आज सांगितलं का? मला रोज सांगते."

लोक हसले, आणि त्या हशाच्या आडोशाने थर्मनने काखेतले होल्स्टर घेऊन काढता पाय घेतला.

रविवारी सकाळी ते होल्स्टर डाव्या काखेत चढले आणि त्याचा पट्टा मानेत रुतू लागला. तरी थर्मनने योजना आखली होती: मिठी मारायची ती उजव्या अंगाने, अर्धीच, खांद्याला खांदा लावून. योजना निर्दोष होती. दोष एवढाच की ती त्याने इतर कोणाला सांगितलेली नव्हती. पहिल्याच मिसेस पिकेट डावीकडून आल्या. थर्मन गिरकी घेऊन उजवीकडे वळला; त्याही वळल्या. मग गोंधळून त्याने हात पुढे केला. मिसेस पिकेट त्या हाताकडे पाहत राहिल्या, तो दोन बोटांनी हलवला आणि ओठ मिटून आत गेल्या.

हात पुढे करणे हा सर्वांत सुरक्षित उपाय आहे, असा शोध थर्मनला त्याच क्षणी लागला, आणि एवढी मोठी चूक त्या खोऱ्यात जन्मलेल्या माणसाने करावी हेच नवल. कारण तिथे ओळखीच्या माणसापुढे हात करणे याचा अर्थ एकच होता: तुझे माझे बिनसले आहे. त्याने तो पिकेटबाईंपुढे केला, वाद्य वाजवणाऱ्या बाईंपुढे केला, आणि मिस ओडेसा दोन्ही बाहू पसरून आल्या तेव्हा त्यांच्यापुढेही केला. बाईंचे बाहू सावकाश खाली आले.

दुसरे स्तोत्र संपेपर्यंत बातमी शेवटच्या बाकापर्यंत पोचली होती. प्रार्थनेनंतर तळघरातल्या जेवणाच्या दालनात सगळे जमले, तळलेल्या कोंबडीची आणि मक्याच्या पावाची टेबले मांडली गेली, आणि व्हर्नाने नवऱ्याला दंडाला धरून कोपऱ्यात ओढले.

"लोक म्हणताहेत आपण हे चर्च सोडून मेथडिस्टांकडे चाललोय!"

"कोण म्हणतंय?"

"मिसेस पिकेट माझी क्षमा मागून गेली. माझ्या बटाट्याच्या सॅलडला तिनं जुलैत नावं ठेवली होती म्हणे. मला माहीतसुद्धा नव्हतं! आता मला तिचा राग धरावा लागणार."

"अगं, मी फक्त हात..."

"तू फक्त हात! मयताला आल्यासारखा हात पुढे करतोस आणि वर विचारतोस काय झालं!"

तेवढ्यात मिस ओडेसा काठी टेकीत समोर आल्या. दालनातल्या गप्पा एकदम बारीक झाल्या.

"थर्मन, बाळा," त्या म्हणाल्या, "या वयात मला कोडी घालू नकोस. माझं काय चुकलं ते सांग, मी माफी मागते. आणि मग मला नीट भेट." त्यांनी पुन्हा बाहू पसरले.

थर्मनने डॉइलकडे पाहिले. डॉइल हातातली कोंबडीची तंगडी विसरून टक लावून बघत होता. मिठी मारली तर दार गेले. नाही मारली तर या बाईंचे तोंड पुढच्या रविवारी कोणत्या तोंडाने पाहायचे?

"तुमचं काही चुकलेलं नाही, मिस ओडेसा," तो कळवळून म्हणाला. "मला जवळ येता येत नाही. अंगावर आहे ना ते. गेल्या रविवारी तुमच्या हाताला लागलंच की."

"हो, लागलं," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्यात लाजायचं काय? माझ्या भावाला, क्लीटसला, होती अगदी तशीच पिशवी. पोटाचं ऑपरेशन झालं की शौचासाठी लावावीच लागते. बुधवारच्या प्रार्थनेत आम्ही सगळ्या बायका तुझ्या आतड्यांसाठीच मागणं मागितलं."



"माझ्या आतड्यांसाठी!" थर्मन गरजला. "माझी आतडी ठणठणीत आहेत! रिव्हॉल्व्हर आहे ते, मिस ओडेसा! रिव्हॉल्व्हर!"

"हळू!" डॉइल पुढे धावला. "अट काय होती? कोणाला कळता कामा नये! आता अख्ख्या चर्चला कळलं! सांगत होतो ना, छोटं पिस्तूल घे, छोटं..."

"ओढवत नाही मला ते!"

हे शब्द त्याने उच्चारायचे ठरवले नव्हते. पण मानेत पट्टा रुतत होता, आतड्यांची चर्चा गावभर झाली होती, आणि सभ्य माणसाच्या सोशिकतेलाही तळ असतो. त्याने दोन्ही हात डॉइलच्या नाकासमोर धरले. गाठाळलेली बोटे पुरती मिटतही नव्हती.

"बघ. नीट बघ. लोण्यासारखं चालतं म्हणे! मला लोण्याच्या डब्याचं झाकण उघडत नाही. तुझी बहीण उघडते. म्हणून मोठं वापरतो, म्हणून लपत नाही, म्हणून गेल्या ईस्टरपासून एक रविवार मला सुखानं उभं राहता आलेलं नाही. आणि दार सोडणार नाही, डॉइल. काय करायचं ते कर."

डॉइलने तंगडी हळूच ताटलीत ठेवली. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू मला दुकानात दहा माणसांसमोर खेळणं ओढायला लावत होतास, तेव्हा सांगू?"

थर्मन वळला, जिना चढून मोटारींच्या तळावर गेला, गाडीतल्या लोखंडी पेटीत रिव्हॉल्व्हर ठेवून तिला कुलूप घातले, आणि काखेतले ते रिकामे, नवेकोरे होल्स्टर काढून मागच्या सीटवर भिरकावले. खांदा इतका हलका झाला की त्या हलकेपणाचाच त्याला राग आला.

तो खाली उतरला तेव्हा डॉइल जिन्याच्या पायथ्याशी उभा होता. "रिकाम्या हातानं दारात कसा उभा राहणार मग? नियम आहे."

"नियम तू केलास, तूच मोड. मी दारात उभा राहतो. तू तुझं लोणी घेऊन माझ्यामागे दहा पावलांवर उभा राहा. तुला नाहीतरी कोणी मिठी मारत नाही."

"खरं आहे ते," मागून व्हर्ना म्हणाली. डॉइलने बहिणीकडे पाहिले, तिने मान डोलावली, आणि त्याने खांदे पाडले.

मिस ओडेसा अजून तिथेच उभ्या होत्या. थर्मनने या वेळी डावे-उजवे काही पाहिले नाही. त्याने त्यांना पुरते कवेत घेतले, आणि बाईंनी त्याच्या पाठीवरून, कमरेवरून, काखेखालून हात फिरवून सगळीकडे चाचपून पाहिले.

"काही नाही," त्यांनी मागे वळून जाहीर केले.

त्यांच्यामागे मिसेस पिकेट उभ्या होत्या. त्यांच्यामागे वाद्यवाल्या बाई. आणि त्यांच्याही मागे, सकाळी ज्यांना ज्यांना हात मिळाला होता ते सगळे, आपल्या न मिळालेल्या हक्काची मागणी चेहऱ्यावर घेऊन, हातातल्या ताटल्या सावरीत पुढे सरकत होते. कोंबडी थंड होत होती. थर्मनला सकाळपासून अन्नाचा कण मिळालेला नव्हता.

"रांगेनं या," तो खेकसला. "आणि ताटल्या खाली ठेवा आधी."