‘पिक्ड अप’चा निरोप

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. सौंदडला सुमनबाईंच्या घरी फळीवर पडून असतो. बॅटरी फुगल्यापासून माझी वाचा बसली आहे. पण एके काळी या घरात माझा फार मान होता. २००७ साली बाईंचा मुलगा राजदीप इमारतीच्या कामावर हैदराबादला निघाला, तेव्हा त्यानेच मला गोंदियाहून आणून आईच्या हातात दिलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा. बाई मला पदराने पुसून मगच कानाला लावायच्या.

पुढच्या पावसाळ्यात, ऐन भाताच्या रोवणीच्या दिवसांत, त्याचे फोन बंद झाले. मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून इंग्रजी निरोप आला, ‘राजदीप हॅज पिक्ड अप. डोन्ट वरी.’

बाईंना इंग्रजी येत नव्हतं. शेजारचा गजेंद्र बारावी शिकलेला, म्हणून त्या मला त्याच्याकडे घेऊन गेल्या. त्याने निरोप दोनदा वाचला आणि आवाज खाली आणला.

“पिक अप म्हणजे उचलणे, काकू. राजदीपले पोलिसाईनं उचललं दिसते.”

मग काळजी करू नका असं काऊन लिहिलं, असं बाईंनी विचारलं. गजेंद्रने त्या नंबरवर फोन लावला, पण तिकडून कोणी उचलला नाही. त्याचा संशय पक्का झाला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी रोवणीला जाणाऱ्या बायांनी सुमनबाईंना हाक मारली नाही. पोराने आईला मोबाइल घेऊन दिला तो कशाच्या जोरावर, अशी कुजबुज सुरू झाली. बाईसुद्धा माझ्याकडे बघून दचकू लागल्या. शेवटी त्यांनी मला फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात खोल दाबलं. निरोप मीच आणला होता, पण त्याचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता.

तिरोड्याला कॉलेजात शिकणारी त्यांची पुतणी मोनाली हे ऐकून धावत आली. तिने मला बाहेर काढलं आणि निरोप वाचला. पिक अप म्हणजे नुसतं उचलणं नाही, तिने काकूंना समजावलं. कोणाला गाडीत घेणं, ऐकून ऐकून भाषा शिकणं, मंदावलेला धंदा वर येणं, आजारी माणूस सावरणं, या सगळ्याला तेच म्हणतात. पोलिसांनी नेलं असतं तर ‘हॅज’नंतर ‘बीन’ आलं असतं. पण लिहिणाऱ्याला तरी नीट येत होतं का, याची तिलाही खात्री नव्हती.

“पण तो आजारी कुठं होता?” बाई म्हणाल्या. आता पोरगाच आपल्यापासून काही लपवतो, असा त्यांना संशय येऊ लागला.

तेवढ्यात मी वाजलो. बाईंनी हात मागे घेतला. मोनालीने बटण दाबून मला त्यांच्या कानाला लावलं.

“आई, मले कावीळ झाली होती. तू घाबरशीन म्हणून सांगतलं नाही. आता बरा होऊन राहिलो.”

निरोप त्याच्या कामावरच्या तेलुगू मुकादमाने पाठवला होता. घरी आजार माहीत असेल असं समजून, पोरगा सावरला एवढंच त्याने कळवलं होतं. बाई फोन संपल्यावरही मला कानाला धरून बसल्या होत्या.

राजदीप गावी यायचा होता, त्या दिवशी गजेंद्र मोटारसायकल घेऊन दारात उभा राहिला. स्टेशनावरून मी आणतो त्याले, म्हणाला. सुमनबाईंनी स्वतःच स्टेशनावर जायला चपला घातल्या.

“राहू दे बाबू. माह्या पोराले कोणी उचलाची गरज नाही. तो आपल्या पायानं येते.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. दुसऱ्याच्या घरचा निरोप वाचून दाखवाल, तेव्हा पहिला सुचलेला अर्थ लगेच तोंडातून काढू नका. समोर ऐकणारी त्या पोराची आई असते.