काचेवरचा होकार

टॅब म्हणाला, ‘हो.’ मग पुन्हा ‘हो.’ आणि कोणी काही बोलायच्या आत तिसऱ्यांदा ‘हो’.

सर्जनबाईंनी मान डोलावली. धाकट्या भावाने मघापासून कोंडून धरलेला श्वास सोडला. खाटेवर उशीला टेकून बसलेल्या बाबांनी मात्र आधी टॅबकडे पाहिलं आणि मग लेकीकडे. भर रस्त्यात कोणी आपल्या नावाने दुसऱ्यालाच हाक मारत असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

लेकीला ते दिसलं. पण तो ‘हो’ तिलाही हवाच होता. म्हणून पहिल्या क्षणी ती गप्प राहिली.

बाबांनी उभी हयात बसस्टँडच्या माइकसमोर काढली होती. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली रद्द झाली, कोणाचं पोर चौकशीच्या खिडकीशी रडत बसलंय, सगळं गाव त्यांच्याच तोंडून ऐकायचं. सहकारी त्यांना ‘भोंगा’ म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. मग घशात गाठ निघाली, स्वरयंत्र काढावं लागलं आणि भोंगा बंद पडला. तेव्हा लेकीने घरातला जुना कॉम्प्युटर त्यांच्यापुढे ठेवला, टाइप केलेलं मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम त्यात घातला, आणि पंधरवड्यात घरात पुन्हा घोषणा सुरू झाल्या. ‘चहा उशिराने धावत आहे, कारण स्वयंपाकघराला माहीत.’

तो कॉम्प्युटर आता नव्हता. बाबांना धाकट्याच्या लहान घरी हलवायचं ठरलं, तेव्हा त्याने तो ठोकळा भंगारात दिला आणि नवाकोरा टॅब आणला. त्याचा हेतू वाईट नव्हता. “ताई, हल्ली कॉम्प्युटर कोण ठेवतं? तो करतो ते सगळं हा करतो. वर उशाशी मावतो.” बाबांचा हात काचेवर चालत नाही हे लक्षात आल्यावर त्यानेच खपून त्यात एक पान बनवलं होतं. फक्त दोन बटणं, तळहाताएवढी. खाली हिरवं ‘हो’, वर लाल ‘नाही’.

आता गाठ जिभेच्या मुळाशी परतली होती. सर्जनबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की पूर्ण जीभ काढावी लागेल, त्यानंतर जन्मभर पोटात नळी. तसं केलं तर काही वर्षं हाती लागण्याची आशा, नाहीतर थोडेच महिने. उद्याच्या शस्त्रक्रियांची यादी आज संध्याकाळी बंद होणार होती, आणि त्याआधी रुग्णाचा स्वतःचा होकार हवा होता.

तो मिळाला होता. तीनदा.

लेक वजनकाटे आणि मोजमापाची यंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथलं पहिलं काम म्हणजे पारडं रिकामं ठेवायचं आणि आकडा बघायचा. काहीच न ठेवता काटा हलत असेल, तर पुढे तो सोनं मोजो नाहीतर कोंडा, त्याच्या आकड्याला अर्थ नसतो. ही खोड तिला घरीही सुटत नसे. आत्ताही तिची नजर बाबांच्या हाताकडे गेली. हवेत धरलेला हात वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता, थकून खाली येत होता, आणि त्याच्या वाटेत काचेचा खालचा भाग होता. हिरवा.

“डॉक्टर, एक मिनिट,” ती म्हणाली. “बाबा, मी तुमची आई आहे का?”

बाबांनी तिच्याकडे चमकून पाहिलं. हात उचलला, वर नेला, तो वाटेतच थरथरत खाली आला.

‘हो,’ टॅब म्हणाला. ‘हो.’

“ताई, हे काय चाललंय?” धाकटा म्हणाला.

“आपण आत्ता बोटीत बसलोय का, बाबा?”

‘हो.’

तिने टॅब धाकट्याच्या हातून घेतला, आपोआप फिरणारा पडदा जागीच थांबवला आणि टॅब उलटा धरला. आता लाल बटण खाली आलं. “तुम्ही आमचे बाबा आहात ना?”

‘नाही. नाही. नाही.’

सर्जनबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “हे बरं झालं दाखवलंत,” त्या म्हणाल्या. “म्हणजे ते गोंधळलेले आहेत. या अवस्थेत होतं असं. मग त्यांचा होकार मला धरता येणार नाही. निर्णय तुम्हा दोघांना घ्यावा लागेल.”

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. आगीतून उठून ती फुफाट्यात पडली होती. “ते गोंधळलेले नाहीत. यंत्र चुकतंय. हात हवेत धरता येत नाही त्यांना.”

“मग त्यांना मान हलवू द्या.”

पण पहिल्या गाठीनंतरच्या किरणोपचारांनी मान लाकडासारखी झाली होती, आणि जेवढी हलायची तेवढी हातासारखीच नकळत हलत राहायची. पेन दिलं तर कागदावर कोंबडी नाचून गेल्यासारख्या रेघा. औषधं द्यायला आलेल्या सिस्टर म्हणाल्या, “डोळे मिटायला सांगा ना. एकदा मिटले तर हो, दोनदा तर नाही.”

लेकीने तसं सांगितलं. बाबांनी डोळे मिटले आणि मिटलेलेच ठेवले. कोणी कितीही हाका मारल्या तरी उघडेनात.

“बघा,” धाकटा हळूच म्हणाला.

“रागावलेत ते.”

“ताई, पुरे आता. तुलाही तेच हवंय ना? मग कशाला फाटे फोडतेस? आपण दोघं सही करू आणि मोकळे होऊ.”

ती उत्तर देणार, तेवढ्यात तिला पांघरूण हलताना दिसलं. बाबांनी दोन्ही मनगटं मांडीवर टेकवली होती आणि दहा बोटं पांघरुणावर पडत होती. एक, मग दुसरं, मग अंगठा. समोर काही नसताना बाबा टाइप करत होते. आणि मनगटं टेकलेली असल्यामुळे बोटं जवळजवळ स्थिर होती.

कॉम्प्युटरपुढे ते असेच बसायचे. मनगटं टेबलाच्या कडेला, बोटं बटणांवर विसावलेली. मनात आलं की दाबायचं, नाहीतर तसंच राहायचं. बटण नुसतं टेकल्याने बोलत नव्हतं. काचेला हे जमत नाही. तिला टेकणं आणि दाबणं यातला फरकच कळत नाही, म्हणून माणसाने हात सतत अधांतरी धरायचा. ज्याचा हात अधांतरी राहत नाही, त्याच्या वतीने मग काचच बोलत सुटते.

“डॉक्टर, मला एक कीबोर्ड आणू द्या.”

“यादी—”

“बंद व्हायच्या आत येते. तोवर तुम्ही काही लिहू नका. मी पाया पडते तुमच्या.”

सर्जनबाई म्हणाल्या, “तोवर मी दुसरे रुग्ण बघून येते.” तेवढंच.

मग सुरू झाली वणवण. वॉर्डात कीबोर्ड नव्हता. रुग्णालयानेही सगळे कॉम्प्युटर काढून टॅब आणले होते, आणि सिस्टर हातमोजा दातांनी ओढून काढत त्यावर तापमान भरत होत्या. एक्स-रेच्या खोलीत होता, पण तो यंत्राला कायमचा जोडलेला. समोरच्या मोबाइलच्या दुकानात काचेवर चिकटवायच्या काचा होत्या, काचेला घालायची झबली होती, काचेला टेकवून उभं करायच्या घोड्या होत्या. “कीबोर्ड?” दुकानदार म्हणाला. “मागवून देतो की. परवा येईल.”

परवा. ती रस्त्यातच थांबली. परवापर्यंत बाबांना जीभ तरी नसणार होती, नाहीतर यादीत जागा तरी. आपण हे सगळं कशासाठी चालवलंय, असा विचार तिच्या मनाला शिवून गेला. मघाशी गप्प बसले असते तर बाबा वाचले असते. एवढंच तर हवंय मला.

ती धावत परत आली आणि तळमजल्यावरच्या बिलांच्या खिडकीशी येऊन थबकली. काचेपलीकडे कारकून होता आणि त्याच्यापुढे काळा, कळकट, अक्षरं पुसलेला कीबोर्ड. तिने रांग मोडली.

“बाई, रांग आहे,” मागून कोणी खेकसलं.

“तुमचा कीबोर्ड द्या मला. थोड्या वेळासाठी.”

कारकुनाने तिच्याकडे नीट बघून घेतलं. “माझा? आणि मी काय करू, तबला वाजवू?”

“माझ्या वडिलांना बोलायचंय. टॅबवर त्यांचा हात चालत नाही. त्यांचं उद्याचं ऑपरेशन आज ठरतंय आणि त्यांना काय हवं ते कोणालाच माहीत नाही.” बोलता बोलता तिने खांद्यावरची बॅग काढून खिडकीत ठेवली. “माझी बॅग ठेवा. फोन ठेवा. मला ठेवून घ्या हवं तर.”

“तुम्हाला ठेवून घेऊन काय करू, आमच्यात आधीच माणसं जास्त झालीत म्हणतात,” कारकून म्हणाला. पण त्याचा हात टेबलाखाली गेला होता. वायर सुटली. रांगेतून ओरडा झाला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “मंडळी, यंत्र बंद आहे. ओरडल्याने चालू होत असेल तर मीही ओरडतो तुमच्याबरोबर.”

ती कीबोर्ड छातीशी धरून जिना चढली आणि वर आल्यावर तिला कळलं की काखेत कळसा असूनही उपयोग नाही. कीबोर्डचं टोक चपटं, रुंद. टॅबचं भोक इवलंसं.

“याला जोडायचा तुकडा लागतो,” ती धाकट्याला म्हणाली. “खोक्यात आला होता ना?”

त्याचा हात खांद्यावरच्या पिशवीत गेला आणि तिथेच थांबला.

“आहे ना तुझ्याकडे?”

“आहे.”

“मग दे.”

“ताई, ते काय म्हणतील माहितीये तुला.”

“नाही माहीत. म्हणूनच.”

“मला माहितीये.” त्याचे डोळे भरले होते. “गेल्या महिन्यात जेवताना मी त्यांच्याकडे बघत होतो. वरणाचा घोट तोंडात किती वेळ धरून ठेवतात. मला माहितीये, ताई.”

“अरे, मग त्यांनाच बोलू दे ना. चुकीचं ‘हो’ घेऊन तू त्यांना रोज नळी लावणार आहेस? त्यांच्या डोळ्यात बघून?”

त्याने तो तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जेवणाचं आडवं टेबल तिने बाबांच्या मांडीवर ओढलं. त्यावर कीबोर्ड ठेवला. टॅबमध्ये शिरून टाइप केलेलं मोठ्याने वाचणारं पान उघडलं आणि एखादं बटण दाबलेलं राहिलं तरी अक्षर एकदाच उमटेल असं बसवलं. मग बाबांची मनगटं उचलून टेबलाच्या कडेवर टेकवली. बाबांनी डोळे उघडले. तर्जन्यांनी दोन बटणांवरचे, जागा ओळखायचे उंचवटे चाचपले आणि मोकळं होऊन गळ्याच्या छिद्रातून लांब श्वास सोडला.

सर्जनबाई दारात उभ्या होत्या. बाबांनी टाइप केलं. सावकाश, अडखळत, दोनदा पुसून. टॅबच्या त्या चकचकीत बाईच्या आवाजात वाक्य आलं:

‘मुलगी माझी आई नाही. ही बोटही नाही. आता डॉक्टरांना खुर्ची द्या.’

सर्जनबाई नकळत हसल्या आणि बसल्या. “तुम्हाला ऑपरेशन हवंय का?”

‘आधी मी विचारणार. मघापासून मला विचारायचंय आणि सगळे उत्तरच मागताहेत.’

सर्जनबाईंनी फाइल मिटून मांडीवर ठेवली. “विचारा.”

‘पाण्याची चव कळेल?’

“नाही.”

‘लाळ?’

“गिळता येणार नाही. सारखी पुसावी लागेल. पुढे सवय होते.”

‘गाठ पुन्हा येणार नाही?’

“येऊ शकते. येणार नाही असं मी सांगू शकत नाही.”

बोटं बटणांवर नुसती टेकलेली होती आणि टॅब गप्प होता. लेकीने टेबलाची कड घट्ट पकडली. मनात ती एकच गोष्ट घोकत होती आणि ती गोष्ट तोंडातून बाहेर पडू नये म्हणून तिने ओठ दाताखाली धरला होता.

मग बटणं वाजली.

‘आवाज देऊन टाकला तेव्हा काही वाटलं नाही. हे नको. मी घरी जातो.’

“नक्की?” सर्जनबाईंनी विचारलं. “मी पुन्हा विचारते, कारण मघाशी…”

‘नको,’ टॅब म्हणाला. एकदाच.

सर्जनबाईंनी फाइलवर काहीतरी लिहिलं आणि बाबांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवून त्या निघून गेल्या. धाकटा बाहेर गेला होता. लेक त्याच्या मागे गेली. तो जिन्याच्या वरच्या पायरीवर गुडघ्यात डोकं घालून बसला होता.

“हो आलं होतं, ताई,” तो म्हणाला. “तीनदा आलं होतं ना.”

ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. खाली बिलांच्या खिडकीशी अजून गोंगाट चालू होता. कीबोर्ड परत द्यायला हवा होता, पण आतून बटणांचा आवाज येत होता आणि थांबत नव्हता. बाबांना आणखी काहीतरी सांगायचं होतं.

ती आत गेली. प्रत्येक शब्दागणिक टॅब घसरून आडवा पडत होता आणि बाबा वैतागून तो सावरू बघत होते. तिने तो दोन्ही हातांनी उभा धरला. पडदा बाबांकडे होता. काय लिहिलं जातंय ते तिला दिसत नव्हतं, आणि आवाज यायला वाक्य पुरं व्हावं लागणार होतं.