आपोआप वाजणारा पियानो

आचलला पियानो शिकायचा होता. तिच्या आईनं, प्रणितानं, वर्ध्याच्या दुकानात साधा, स्वस्तातला, सेलवरही चालणारा हेरून ठेवला होता; आर्वीत लोडशेडिंग काय कमी होतं? पण निवडायला सासरे, प्रभाकरराव, जातीनं आले. जन्मात त्यांनी शिट्टीखेरीज काही वाजवलं नव्हतं. दुकानदारानं बटण दाबताच विजेवरचा मोठा पियानो आपला आपणच वाजू लागला.

"हाच घेऊ!" सासरे हरखले. "पोरीले शिकाची गरजच नाई!"

घरी त्यावर क्रोशाचा रुमाल पडला. आचलनं हात लावला की सासरे ओरडत, "बिघडवतं काय?" पाहुणे आले की मात्र तिला समोर बसवून बटण दाबत आणि नुसती बोटं नाचवायला लावत.

"वा! आजोबावर गेली!" पाहुणे म्हणत.

एका संध्याकाळी ऐन रंगात लाईट गेली. पियानो गप्प झाला, आचलची बोटं मात्र चालूच राहिली. पाहुणे हसले. प्रणिता अंधारात लेकीशेजारी जाऊन बसली.

"वाजव माय, आता तूच वाजव."

मुक्या पट्ट्या दाबत आचल तोंडानं गाऊ लागली, "सा... रे... ग..."

"पुरे झालं!" सासरे खेकसले. पण तिला बंद करायचं बटण काही त्यांना सापडेना.