पाटीवरची बाई

पेंटरला गावात नावाने कोणी हाक मारत नसे. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, भिंतीवरच्या जाहिराती, सगळं त्याच्याच हातचं. अक्षर असं की चालता माणूस थांबावा. गोम एवढीच की त्याला बाई एकच काढता येई, आणि ती म्हणजे त्याची बायको. साबण तिच्याच हातात, चष्मा तिच्याच डोळ्यांवर, शिवणयंत्रावर वाकलेली तीच. "काल वहिनी चष्म्याच्या दुकानावर भेटल्या," म्हणून लोक थट्टा करत. तीही खळखळून हसे, आणि आपल्या वाट्याला हे हसणं आलं म्हणून पेंटर मनातल्या मनात हात जोडे.

मग एका सकाळी तिचं तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, चेहऱ्याची नस आहे, सुधारेल. सुधारलंही बरंच, पण ओठाचा डावा कोपरा खाली राहिला तो राहिलाच. तिने बाहेर पडणं सोडलं. दारात कोणी आलं तरी तोंडाला रुमाल.

"गावभर माझा जुना चेहरा टांगून ठेवलायत तुम्ही," ती एकदा म्हणाली. "त्याच्याखालून हा घेऊन कशी जाऊ?"

ती समोर आहे, घरात हिंडते-फिरते आहे, एवढ्यानेच पेंटरचा ऊर रोज भरून येई. पण ते तिला सांगावं कसं? दुसऱ्यांची अक्षरं रंगवण्यात जन्म गेलेला, स्वतःच्या बोलण्यात अगदीच कच्चा.

पुढे टेलरमास्तरांच्या पाटीचा रंग उडाला. पेंटरने जुना चेहरा खरवडून काढला आणि शिडीवर उभा राहून सवयीने नवा रंगवायला घेतला. दुपारी लेक डबा घेऊन आली, वर बघितलं, डबा मास्तरांच्या हातात कोंबला आणि आल्या पावली घरी पळाली.

मास्तर डबा धरून वर बघत राहिले. "पेंटर, ओठ उतरलाय एका बाजूने."

पेंटर खाली उतरला आणि चार पावलं मागे जाऊन बघू लागला. हाताने आपसूक रोजचाच चेहरा काढला होता. सकाळी चहा पुढे करणारा, फरशीवर सांडलेल्या रंगावरून करवादणारा.

"चुकलं, मास्तर. पुसतो," म्हणत त्याने चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली. पण हात वर उचलेना. तिच्या तोंडावरून चिंधी फिरवायची कशी?

तेवढ्यात ती स्वतःच आली. घरच्या चपलांवर, तणतणत, लेक मागून धावतेय.

"आधी पुसा ते. माझी शोभा करायला निघालात?"

"नाही पुसणार," पेंटर म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. "मला जी दिसते ती काढली. तू आहेस हेच माझं केवढं नशीब. बोलायला जमत नाही गं मला. रंगवता येतं, तेवढं रंगवलं."

मास्तरांना एकदम आत काहीतरी काम आठवलं.

तिने पाटी नीट बघितली. डोळे पुसले. मग म्हणाली, "एवढा काही उतरलेला नाहीये कोपरा. उगाच जास्त काढलाय."

"असेल. इकडे उजेडाकडे वळ बघू."

ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. भाजीवाला थांबला, "बऱ्या आहात ना, वहिनी?" म्हणाला, तिने मान हलवली. शाळेतून सुटलेली पोरं कधी तिच्याकडे, कधी पाटीकडे बघत गेली. शिडीवर चढता चढता पेंटरच्या ध्यानात आलं, रागाच्या भरात बाई रुमाल घरीच विसरली होती.

रुमालाचं बोलायला निघालेल्या लेकीला त्याने डोळ्यांनीच गप्प केलं. कोपरा वर घ्यायला कुंचल्याचा एक फटकारा पुरला असता. पेंटरने त्यावर संध्याकाळ घालवली.